‘उद्या जातो मी अमरावतीले’, तेही डचमध्ये!

दर्यापुरात कुणाला सांगून बघा, की मी डच शिकतोय. पहिला प्रश्न येईल, ‘काहून बाप्पा?’ दुसरा लगेच येईल, ‘त्यानं नोकरी लागते काय?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. नुसतं डच आलं म्हणून नोकरी लागत नाही. आइंडहोवनजवळच्या एएसएमएलसारख्या कंपन्यांत जे मराठी इंजिनीअर आहेत, त्यांचं ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं. शेतीच्या शिक्षणासाठी जगात नाव असलेल्या वाखेनिंगन विद्यापीठात मास्टर्सचे अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. तिथे प्रवेश घ्यायला डच लागत नाही. डॉक्टर, नर्स व्हायचं तर डच लागतंच, पण तिथे मध्यम पातळीवर भागत नाही. आणि भाषेच्या जोरावर बाहेर जायचं एवढाच हेतू असेल, तर जर्मनकडे बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनचं नाव तालुक्याच्या गावापर्यंत पोचलंय. जर्मनच्या परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात देता येतात. डचला एवढी सोय नाही. कुणी ‘तीन महिन्यांत डच शिका आणि व्हिसा घ्या’ म्हणत पैसे मागत असेल, तर खिशावर हात ठेवून चालायला लागा.

मग डच काहून? मला शिकावंसं वाटलं, म्हणून. आपला खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. खाली पाणी आहे, पण खारं. पिऊन भागत नाही, ओलिताला चालत नाही. समुद्र अडवून, त्यातलं मीठ धुऊन तिथे शेती करणाऱ्या देशाबद्दल वाचत होतो. १९३२ मध्ये त्यांनी बत्तीस किलोमीटरचा बांध घालून समुद्राचा एक तुकडा तोडला आणि त्याचं गोड्या पाण्याचं तळं केलं. पुढे त्या जागी फ्लेवोलँड नावाचा आख्खा प्रांत उभा राहिला. हे सगळं इंग्रजीतून वाचता येतं, हेही खरं. पण वाटलं, यांच्याच तोंडून ऐकावं.

मी जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहितो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की सात वाजण्याला काही अर्थ उरत नाही. या नोकरीत मध्यम पातळी, म्हणजे युरोपच्या मोजपट्टीवरची बी-वन, गाठायला मला दोन वर्षं लागली. तासांत मोजलं तर सहाशेच्या आसपास. बी-वन म्हणजे प्रवासात अडणार नाही, आपला अनुभव सांगता येईल, आपलं मत का आहे ते चार वाक्यांत मांडता येईल, इतपत. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. डच सरकारच्या सराव परीक्षा फुकट मिळतात, त्या सोडवून मी हे म्हणतोय.

यातले पहिले सहा महिने वाया गेले, ते कसे ते ऐका. फोनवर एक अॅप टाकलं. रोज दहा मिनिटं, सलग एकशे ऐंशी दिवस, एकही खाडा नाही. ‘कासव सफरचंद खातं’ असली वाक्यं तोंडपाठ. मग एके दिवशी लहान मुलांसाठीच्या डच बातम्या लावल्या, ‘येउख्टजर्नाल’. तिथली शाळकरी पोरं त्या बघतात. मला पहिल्या मिनिटात एक शब्द कळला, ‘आणि’. एकशे ऐंशी दिवसांची कमाई तेवढीच. दोन दिवस फोनला हात लावला नाही.

अॅप वाईट नव्हतं. मी खेळत होतो आणि त्याला अभ्यास म्हणत होतो.

त्यानंतर क्रम उलटा केला. त्याच बातम्या, रोज एकच तुकडा, दोन मिनिटांचा. आधी नुसतं ऐकायचं. मग खाली डच अक्षरं लावून. मग अडलेले चार-पाच शब्द वहीत, वाक्यासकट. नुसता शब्द लिहिला तर तो टिकत नाही, हा स्वानुभव. संध्याकाळी तेच शब्द ‘आंकी’वर. हे कार्डांचं फुकट साधन आहे. जो शब्द येतो तो उशिरा विचारतं, जो चुकतो तो लवकर. अमरावतीला कामासाठी जावं लागलं की एसटीतला तासा-दीड तासाचा प्रवास म्हणजे पर्वणी. खिडकीकडची जागा, कानात डच, बाहेर तूर. दोन वर्षांत फक्त कापसाच्या सीझनला अभ्यास बंद ठेवला, आणि तो बंद ठेवल्याचं मनाला लावून घेतलं नाही. त्या दिवसांत फक्त कार्डं, तीही दहा मिनिटं.

आता गंमत सांगतो. डच शिकायला इंग्रजीचा उपयोग होतो हे सगळे सांगतात. मराठीचा होतो, हे कुणी सांगत नाही.

आकडे बघा. इंग्रजी आधी वीस म्हणते, मग पाच. डच आधी पाच म्हणते, मग वीस: ‘फाइफ-एन-ट्विंतिख’. म्हणजे आपलं पंचवीस. सत्तेचाळीस तसंच, आधी सात मग चाळीस. डचमध्ये ‘दे’ आणि ‘हेत’ अशी नामांची दोन घरं आहेत, आणि ‘हेत’ म्हणजे नपुंसकलिंग. हिंदीवाल्याला ही भानगड नवी, आपल्याला जुनी. ते पुस्तक, ते घर, ते मूल, ते पाणी, ही चारही डचमध्ये ‘हेत’च. मी खुशीत आलो आणि पुढे दूध लावून बघितलं. दूध निघालं ‘दे’. झाडही ‘दे’. तेव्हा हे फार ताणू नका.

वाक्याची रचना मात्र खरोखर आपली. ‘इक देन्क दात हेइ मॉर्खन नार अमरावती खात.’ शब्दाला शब्द ठेवा: मी समजतो, की, तो, उद्या, अमरावतीला, जातो. ‘की’नंतर क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. (हो, ‘खात’ म्हणजे जातो. दर्यापुरात हे मोठ्यानं म्हणू नका, लोक विचारतील काय खातो.) आणि ‘उद्या’नं वाक्य सुरू केलं की क्रियापद उडी मारून दुसऱ्या जागेवर येतं: ‘मॉर्खन खा इक नार अमरावती.’ उद्या जातो मी अमरावतीले! पुस्तकी मराठीत हे वाकडं वाटेल. आपल्या ओट्यावर रोज असंच बोलतात. या नियमावर इंग्रजीवाले महिनोन्‌महिने अडखळतात म्हणे.

उच्चारातला तो घशातला ख मात्र छळतो. पण अचलपूर-अंजनगावकडचा उर्दू बोलणारा एखादा मित्र असेल तर त्याला ‘ख़बर’ म्हणायला लावा. जवळपास तोच. पत्ते खेळत असाल तर आणखी एक शब्द आधीच येतो. आपल्या किलवरला डच लोक ‘क्लावर’ म्हणतात.

तसे हे लोक आपल्याला अगदी परके नाहीत. शिवकाळातल्या मराठी कागदांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटलंय ते हेच. वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये त्यांनी वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. आणि काम करता करता परकी भाषा अंगवळणी पाडायची, तर आपल्याच वऱ्हाडाशेजारचा वर्ध्याचा माणूस आठवा. पांडुरंग खानखोजे, क्रांतिकारक. १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि पुढे चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर शिकवायचं, पुस्तिका लिहायच्या, शेतकऱ्यांशी बोलायचं, सगळं स्पॅनिशमध्ये. दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. तेव्हा ना कार्डांचं अॅप होतं, ना इंटरनेट.

राहिलं बोलणं. इथेच बहुतेकांची गाडी थांबते, आपल्या शकुंतलेसारखी. दर्यापुरात डच बोलणार कोणाशी? मी आधी स्वतःशीच बोललो. रोज झोपण्याआधी एक मिनिट फोनवर रेकॉर्ड करायचं, आज ऑफिसात काय झालं ते. आठवड्यानं ऐकायचं. लाज वाटते, पण चुका दिसतात. मग इंटरनेटवर भाषेच्या बदल्यात भाषा अशी देवाणघेवाण करणारे लोक असतात, तिथे एक आजोबा भेटले. निवृत्त शिक्षक, भारतात यायचं म्हणून हिंदी शिकणारे. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी लोकांची तक्रार असते की तुम्ही डच बोलायला गेलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. आजोबांशी माझा करारच झाला होता: अर्धा तास डच, अर्धा तास हिंदी, इंग्रजी बंद. म्हणजे आम्सटरडॅमच्या दुकानात जेवढं डच बोलू दिलं नसतं, तेवढं मी बनोशात बसून बोललो.

पहिली भेट मात्र हुकली. हिवाळा होता, त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. त्यांनी लिहिलं, ‘हाल्फ फेइफ’ला बोलू. हाल्फ म्हणजे अर्धा, फेइफ म्हणजे पाच. साडेपाच! हिशेब लिहिणारा माणूस मी, साडेचार तास मिळवले, रात्री दहा वाजता कानात हेडफोन घालून तयार. पलीकडे कुणीच नाही. त्यांचा निरोप सव्वानऊलाच येऊन पडला होता: वाट बघितली, निघतो.

‘हाल्फ फेइफ’ म्हणजे साडेचार. पाचवा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशेब. आधी चिडलो, मग आठवलं की आपलं अडीचसुद्धा असंच आहे. मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा. दीड म्हणजे दुसरा अर्धा, आणि डचमध्ये दीडला ‘आन्डरहाल्फ’ म्हणतात, तेही शब्दशः दुसरा अर्धाच. आपण साडेतीनपासून पद्धत बदलली, त्यांनी बदलली नाही, एवढाच फरक.

आजोबांना हे सगळं लिहून पाठवलं, मोडक्या डचमध्ये, अडीच-दीडसकट. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी वेळ आकड्यांत लिहिली, १६:३०. मी उत्तर दिलं, ‘आकोर्त, हाल्फ फेइफ.’