दीर्घ पल्ल्याची क्षेपणास्त्रे व मित्रराष्ट्रांना पुरवठा

आघाडीच्या बऱ्याच मागे असलेले विमानतळ, पूल व दारूगोळ्याची कोठारे किंवा खोल समुद्रातील जहाजे यांवर मारा करणारी क्षेपणास्त्रे मित्रराष्ट्रास पुरविणे, हा युद्धसाहाय्याचा एक महत्त्वाचा प्रकार होय. ‘दीर्घ पल्ला’ ही संज्ञा सापेक्ष आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या मानाने ३०० किमी. पल्ला अल्प ठरतो. तोफांच्या मानाने मात्र तो पुष्कळच मोठा असतो. प्रस्तुत नोंदीत ही संज्ञा दुसऱ्या अर्थाने वापरली आहे. अशा पुरवठ्यात तीन गोष्टी निर्णायक ठरतात : क्षेपणास्त्राची रचना, ते वाहून नेणारे साधन आणि देणाऱ्या-घेणाऱ्या राष्ट्रांमधील अटी. या तिन्हींचे परस्परसंबंध नाशिकजवळील ओझर (ता. निफाड) येथील विमान कारखान्याच्या वाटचालीत स्पष्टपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी : १९६२ मध्ये सोव्हिएट संघाने मिग-२१ ही लढाऊ विमाने भारतास केवळ विकण्याचेच नव्हे, तर ती भारतात बांधू देण्याचेही मान्य केले. त्यानुसार १९६४ मध्ये ओझर येथे कारखाना स्थापन झाला व पुढे तो हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीचा नाशिक विभाग म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात अमेरिका व ब्रिटन यांनी दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. परक्या शस्त्रांवर विसंबणाऱ्या राष्ट्राचे हात ऐन युद्धात कसे बांधले जातात, याचा तो प्रत्यय होता. त्यामुळे देशातील उत्पादनाचे महत्त्व अधिकच पटले.

१९७१ च्या युद्धात भारतीय नौदलाने ४ डिसेंबरच्या रात्री सोव्हिएट बनावटीच्या पी-१५ क्षेपणास्त्रांनी कराची बंदराच्या परिसरातील जहाजांवर व किनाऱ्यावरील तेलसाठ्यांवर हल्ला केला. या क्षेपणास्त्रांचा पल्ला सु. ४० किमी. होता आणि ती वाहणाऱ्या निपात, निर्घात व वीर या लहान नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. नौदलाने त्या मोठ्या नौकांच्या सोबतीने शत्रूच्या बंदराजवळ नेल्या. क्षेपणास्त्राचा पल्ला तोच राहिला. परंतु वाहनाच्या योजक वापरामुळे माऱ्याचे क्षेत्र विस्तारले.

ब्रह्मोसची रचना : १२ फेब्रुवारी १९९८ रोजी भारत व रशिया यांच्यात झालेल्या करारान्वये ब्रह्मोस क्षेपणास्त्राचा संयुक्त विकास सुरू झाला. ब्रह्मपुत्रा व मॉस्क्वा या नद्यांच्या नावांवरून हे नाव तयार करण्यात आले. संयुक्त कंपनीत भारताचा वाटा ५०·५ टक्के व रशियाचा ४९·५ टक्के आहे. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी ओडिशातील चांदीपूर येथे झाली. क्षेपणास्त्राचे सांगाडे बनविण्याच्या कामात मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेज उद्योगसमूहाचा सहभाग आहे.

ब्रह्मोस दोन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यातील घन इंधनाचा अग्निबाण त्यास स्वनातीत वेग देतो व जळून झाल्यावर गळून पडतो. त्यानंतर द्रव इंधनावरील रॅमजेट एंजिन सुरू होते. या एंजिनात हवा दाबणारी फिरती पाती नसतात. वेगामुळे समोरून शिरणारी हवा आपोआप दाबली जाते व तीत इंधन जळते. त्यामुळे स्थिर अवस्थेत हे एंजिन चालूच शकत नाही. त्यास आधी वेग मिळवून द्यावा लागतो. ब्रह्मोसचा वेग ध्वनीच्या सु. २·८ पट असून ते २०० ते ३०० किग्रॅ. वजनाचे स्फोटशीर्ष वाहून नेते.

नाशिक येथील कार्य : जमिनीवरून सोडावयाच्या ब्रह्मोसचे वजन सु. ३ टन असते. उडत्या विमानातून सोडल्यास उंची व वेग यांचा लाभ आयताच मिळतो. म्हणून हवाई प्रकारात पहिल्या टप्प्याचा अग्निबाण लहान ठेवून वजन सु. २·५ टनांवर आणले गेले. तरीही एवढे वजनदार क्षेपणास्त्र लढाऊ विमानाच्या पोटाखाली बसविणे हे अवघड काम होते. नाशिक विभागात परवान्याने बांधल्या जाणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानाच्या सांगाड्यात व विद्युत् यंत्रणेत त्यासाठी फेरबदल करण्यात आले. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस बसविलेल्या सुखोईने नाशिक येथे पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी अशा विमानातून बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर क्षेपणास्त्र यशस्वीपणे सोडण्यात आले आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावर येथे या विमानांचे दल स्थापन झाले. विमान शेकडो किलोमीटर जाऊन क्षेपणास्त्र सोडू शकत असल्याने माऱ्याचा एकूण आवाका अनेक पटींनी वाढला.

पल्ल्यावरील निर्बंध : ब्रह्मोसचा मूळ पल्ला २९० किमी. ठरविण्यामागे केवळ तांत्रिक कारण नव्हते. ५०० किग्रॅ. भार ३०० किमी. वा त्याहून अधिक दूर नेणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या व त्यांच्या तंत्रविद्येच्या प्रसारावर कडक निर्बंध असावेत, यासाठी १९८७ मध्ये सात राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था स्थापन केली. रशिया १९९५ पासून तिचा सदस्य होता, भारत नव्हता. २७ जून २०१६ रोजी भारत सदस्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये सु. ४५० किमी. पल्ल्याच्या ब्रह्मोसची चाचणी घेण्यात आली. ही व्यवस्था म्हणजे बंधनकारक तह नसून सदस्यांमधील राजकीय सहमती आहे. तिचे पालन प्रत्येक राष्ट्र आपापल्या कायद्यांद्वारे करते.

युद्धकालीन पुरवठा : रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर या प्रश्नाचे सर्व पैलू समोर आले. मे २०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला स्टॉर्म शॅडो क्षेपणास्त्रे दिल्याचे जाहीर केले. ती पाश्चात्त्य विमानांसाठी बनविलेली होती. युक्रेनकडे सोव्हिएट बनावटीची सुखोई-२४ विमाने होती. त्यामुळे क्षेपणास्त्र व विमान यांचा मेळ घालण्याचे काम तेथेही करावे लागले. रशियाच्या भूमीत खोलवर मारा करण्यास पुरवठादार राष्ट्रांनी दीर्घकाळ संमती दिली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बंधने शिथिल झाली. म्हणजेच शस्त्र हाती असूनही त्याचा प्रत्यक्ष पल्ला काही काळ देणाऱ्याच्या अनुमतीने ठरत होता. अनुमती दिल्यास युद्ध पसरण्याचे भय आणि न दिल्यास मित्राचे बळ अपुरे पडण्याची भीती, अशी ही कोंडी असते.

भारत पुरवठादार : २८ जानेवारी २०२२ रोजी फिलिपीन्सने किनाऱ्यावरून जहाजांवर मारा करणारी ब्रह्मोस क्षेपणास्त्रे घेण्याचा सु. ३७·५ कोटी डॉलरचा करार केला. पहिला साठा एप्रिल २०२४ मध्ये तेथे पोहोचला. फिलिपीन्स युद्धात नसले, तरी दक्षिण चिनी समुद्रातील हक्कांवरून त्याचा चीनशी तीव्र वाद आहे. पुरविलेल्या क्षेपणास्त्राचा पल्ला २९० किमी. आहे. ब्रह्मोस संयुक्त उत्पादन असल्याने तिसऱ्या देशास ते देण्यासाठी भारत व रशिया या दोघांचीही संमती लागते. विमाने बांधण्याचा परवाना घेऊन ज्या देशाने ओझर येथे आरंभ केला, तो आता इतरांना शस्त्रे देऊ लागला आहे. मात्र देणाऱ्याच्या अटींचे जे ओझे १९६५ मध्ये त्याने सोसले, त्या अटी ठरविण्याची जबाबदारीही आता त्याच्यावर आली आहे.