एका पेशीच्या जाडीचे अस्तर

नवी मुंबईत खारघरच्या डोंगरपायथ्याशी टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था उभी आहे. तिचे मूळ १९५२ साली परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. आनुवंशिक कर्करोगाच्या शंकेने येथे सल्ल्यासाठी आलेल्या स्त्रीला आधी वंशावळ विचारली जाते. आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता, आणि कोणत्या वयात? या प्रश्नामागे शरीरातील एका अतिशय नाजूक अस्तराची हकिकत आहे. ती घरोघरी कळावी इतकी महत्त्वाची आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची एकेक अंडनलिका असते. बोलण्यात आपण त्यांना नुसते ‘नळ्या’ म्हणतो. इटलीतील पडुआचा शरीररचनाकार गाब्रिएले फालोपिओ याने १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आणि टोकाशी रुंदावणारा आकार पाहून त्यांना तुतारीची उपमा दिली. उपमा बाह्याकारापुरतीच खरी म्हणायची. तुतारी आतून गुळगुळीत असते; अंडनलिकेच्या आत मात्र घड्यांचे दाट अरण्य असते.

हे अरण्य पाहायचे तर ऊतक मेणात बसवून त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि काचपट्टीवर रंगवतात. पेशींची केंद्रके निळसर जांभळी होतात, उरलेला भाग गुलाबी दिसतो. अंडाशयाकडील रुंद भागात घड्यांना फांद्या, फांद्यांना उपफांद्या फुटलेल्या असतात. पोकळीतून वाट कोठून जाते हे शोधावे लागते. गर्भाशयाजवळ घड्या मोजक्या व साध्या होतात, भोवतीचा स्नायू जाड होतो आणि वाट एक-दोन मिलिमीटरच उरते.

या सर्व घड्यांवर स्तंभाकार पेशींचा एकच थर पसरलेला असतो. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. एकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुपका असतो. हे केस गर्भाशयाच्या दिशेने लाटेसारखे हलत राहतात. नळीच्या अंडाशयाकडील टोकाला झालर असते; तिच्यावर अशा पेशी विपुल असतात. अंडाशय आणि नळी एकमेकांना जोडलेली नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सुटलेले बीजांड झालरीनेच वेचून आत घ्यावे लागते. दुसऱ्या प्रकारची पेशी अरुंद, खुंटीसारखी. तिला केस नसतात, ती स्राव निर्माण करते. फलन बहुधा नळीच्या रुंद भागात होते आणि गर्भ तीन-चार दिवसांनी गर्भाशयात पोहोचतो. त्या प्रवासात त्याचे पोषण या स्रावावर होते. मासिक चक्राबरोबर हे अस्तरही बदलते. बीजांड सुटण्याच्या सुमारास पेशी सर्वांत उंच असतात, पाळीपूर्वी त्या ठेंगण्या होतात.

जंतुसंसर्गाने केसांच्या पेशी नष्ट झाल्या वा घड्या एकमेकींना चिकटल्या, तर बीजांडाची वाट अडते किंवा गर्भ नळीतच रुजतो. आपल्याकडे याचे एक मोठे कारण क्षय आहे. जननमार्गाच्या क्षयात प्रायः अंडनलिकाच प्रथम बाधित होतात. खोकला नाही, ताप नाही, आणि तरी अपत्य नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

आता त्या वंशावळीकडे. अंडाशयाचा कर्करोग अंडाशयातच उपजतो, असे वैद्यक दीर्घकाळ मानत आले. नेदरलँड्समधील संशोधकांनी कर्करोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या, प्रतिबंध म्हणून काढलेल्या नळ्या तपासल्या. त्यांतील काहींच्या अस्तरात कर्करोगपूर्व बदल आढळल्याचे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. पुढे बोस्टनमधील विकृतिशास्त्रज्ञांनी झालरीचा कसून अभ्यास केला. या कर्करोगाचा सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बहुतांश वेळा झालरीवरील स्राव करणाऱ्या पेशींत सुरू होतो, हे मत आज सर्वत्र स्वीकारले गेले आहे. तेथून सुटलेल्या पेशी अंडाशयावर व उदरपोकळीत पसरतात.

या रोगाला लवकर गाठणारी भरवशाची चाळणी चाचणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर रक्तचाचणी व सोनोग्राफी वापरून केलेल्या दीर्घ अभ्यासातही मृत्यू घटल्याचे दिसले नाही, असे २०२१ साली स्पष्ट झाले. म्हणून कुटुंबाचा इतिहास मोलाचा ठरतो. २०१७ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला ८० व्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये दोष असल्यास १७ टक्के असते. इतर स्त्रियांत ती एक-दीड टक्क्याच्या आसपास राहते. असा दोष आढळल्यास अपत्यप्राप्तीनंतर, साधारण ३५ ते ४५ या वयात, नळ्या व अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. निर्णय सोपा नसतो. त्यानंतर पाळी अकाली थांबते.

येथे एक गैरसमज फार रुजलेला आहे. बायकांचा आजार आईकडूनच येतो असे समजून वडिलांची बाजू सांगितलीच जात नाही. हा दोष पित्याकडूनही तितकाच येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पित्याला स्वतःला कदाचित काहीच झालेले नसते; खूण आत्याच्या वा आजीच्या आजारात असते. आणि मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून तो आजार ‘पोटाचे दुखणे’ एवढ्यावर मिटवलेला असतो. अशा घरातील पुढच्या पिढीला सावध होण्याची संधीच मिळत नाही.

नळ्या काढल्यावर त्यांची तपासणी कशी होते, हेही विचारून घ्यावे. पूर्वी प्रत्येक नळीचे एक-दोन काप पाहून अहवाल लिहिला जाई. धोका असलेल्या स्त्रीच्या बाबतीत आता झालर उभी कापून आणि उरलेली नळी दोन-तीन मिलिमीटरच्या आडव्या चकत्यांत चिरून संपूर्ण तपासावी लागते, कारण सुरुवातीचा बदल एखाद्या मिलिमीटरएवढाही असू शकतो. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच विकृतिशास्त्रज्ञांच्या चिठ्ठीवर कुटुंबातील कर्करोगाचा उल्लेख असावा लागतो. तो उल्लेख डॉक्टरांना घरच्यांनी सांगितला तरच होतो.