पडदा नसलेल्या यंत्रांची राखण

जपानात टोकियोच्या पूर्वेस, चिबा प्रांतातील इचिकावा शहरात ग्योतोकु आहे. तेथे व नदीपलीकडच्या निशी-कासाईत भारतीय संगणक-अभियंत्यांची कुटुंबे राहतात. सन २००० च्या तारखेचा घोळ निस्तरण्यासाठी आलेल्यांपासून ही वस्ती वाढली.

त्यांच्या धंद्यातील एक न दिसणारे काम म्हणजे सर्व्हरची राखण. पुष्कळ सर्व्हरना चित्रांचा पडदा नसतो. दुरून ओळीओळीने आज्ञा द्यायची. विंडोजचे असे 'कोअर' रूप २००८ साली निघाले. पसारा कमी, म्हणून भोके कमी आणि ठिगळे, म्हणजे 'पॅच', तीही कमी. पण असे यंत्र समोर येऊन काही सांगत नाही. आपणच यादी ठेवावी लागते. ठिगळ आधी एका यंत्रावर लावून पाहायचे, मग इतरांवर. शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून सारे चालते ना, हे तपासायचे.

आळस महाग पडतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एका भोकाचे ठिगळ दिले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' त्याच भोकातून जगभर शिरला. जूनमध्ये होंडाचा सायामा येथील कारखाना एक दिवस बंद राहिला.

वाचकहो, वादळाचा इशारा मिळताच खिडक्या लावाव्यात, हे आपल्या बेटावर कोणाला शिकवावे लागत नाही. ठिगळ निघाले, हाच तो इशारा!