ठसठस आणि झुकीझुकी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "जपानी भाषा खूप अवघड आहे का हो?" आज त्याचं उत्तर देते, पण सुरुवात दवाखान्यापासून करते.

मी तोक्योत, निशी-कासाईला राहते. इथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. गेल्या हिवाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा कान दुखायला लागला, म्हणून त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी तेव्हा जेएलपीटी या परीक्षेची एन-४ पातळी पास झाले होते. एकूण पाच पातळ्या असतात. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. दवाखान्यापुरतं आपलं भागेल, असं मला वाटत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं दुखतंय?" मी म्हणाले, "इताइ देसु." म्हणजे, दुखतंय. ते म्हणाले, "हो, पण कसं?" मी म्हणाले, "खूप." पुढे शब्दच नाहीत! तेवढ्यात खुर्चीतून चिरंजीव म्हणाले, "झुकीझुकी सुरु." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

झुकीझुकी म्हणजे ठसठस. मुलगा इथल्या पाळणाघरात जातो, तिथे हे शब्द रोज कानावर पडतात. माझ्या परीक्षेत सगळे प्रश्न पर्यायांचे होते; त्यात बोलायची परीक्षा नसतेच.

असे जोडशब्द जपानीत ढिगाने आहेत. खरचटल्यावर किंवा भाजल्यावर होतं ते हिरीहिरी, आपलं चुरचुर. पोटात ढवळतं ते मुकामुका, आपलं मळमळ. छातीत होतं ते दोकीदोकी, आपलं धडधड. डोक्यात घण घातल्यासारखं दुखतं ते गान्गान. जपानी डॉक्टरांना हे शब्द ऐकून दुखण्याचा अंदाज येतो. नुसतं "दुखतंय" सांगून त्यांना पुरेसं कळत नाही.

घरी येताना लक्षात आलं की हे सगळं माझ्याकडे आधीपासूनच होतं. फक्त मी जपानी शिकत होते इंग्रजीतून. 'पेन' म्हणजे 'इताइ', एवढंच पाठ केलेलं. मनात मराठी वाक्य असतं तर निदान "ठसठसला जपानीत काय म्हणतात?" असा प्रश्न तरी आधीच पडला असता!

व्याकरणाचंही तसंच. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं, पण वाक्याची चाल केवढी सारखी! क्रियापद शेवटी येतं. प्रश्न विचारायचा तर शेवटी "का" लावायचा: "इकिमासु का?" म्हणजे "जाता का?" 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणं, आणि 'ताबेते मिरु' म्हणजे चक्क खाऊन बघणं! 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणं. इंग्रजी पुस्तकात यासाठी अख्खं पान खर्च केलेलं असतं, आपल्याला एक ओळ पुरते.

सगळंच सोपं आहे असं नाही हं. कांजी आहेत, आदरार्थी बोलणं आहे, तिथे घाम फुटतोच. पण वाक्य जुळवायचं तर आधी मराठीत जुळवा, मग जपानीत न्या. मधे इंग्रजीचं स्टेशन घेऊ नका.

आता खरी गोष्ट. त्या रात्री मुलाला औषध दिलं आणि विचारलं, "अजून ठसठसतंय का रे?" तो म्हणाला, "ठसठस म्हणजे काय?"

मला एकदम गलबलून आलं. आम्ही घरात मराठीच बोलतो. जेव, झोप, बूट काढ, हे त्याला सगळं येतं. पण दुखण्याचे शब्द आम्ही त्याला कधी दिलेच नव्हते, कारण आमच्यासमोर तो नुसता रडायचा आणि आम्हाला कळायचं. शब्द लागले ते पाळणाघरात, मग तिथलेच आले.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. दुखलं, खुपलं, घाबरलं की दोन नावं सांगायची, एक तिकडचं, एक आपलं. मी त्याच्याकडून जपानी शिकते, तो माझ्याकडून मराठी.

परवा सायकलवरून पडला. गुडघा धरून आधी म्हणाला, "हिरीहिरी." मग माझ्याकडे बघून, आठवून आठवून, "आई, चुरचुरतंय."

मी फुंकर घातली. तुमच्याकडे असे कोणते शब्द आहेत? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!