वातामूचे सापघर

केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर वातामू हे गाव आहे. समोर हिंदी महासागर, मागे आंबा, काजू आणि माडांची झाडे. कोकणातल्या माणसाला आपल्याच गावी आल्यासारखे वाटावे. फरक इतकाच, की इथल्या आंब्याच्या फांदीवर हिरवा मांबा हा विषारी साप असू शकतो. याच गावात १९८० साली जेम्स आणि सांडा ॲश या दांपत्याने ‘बायो-केन’ हे सर्पोद्यान उभे केले.

इथला काळा मांबा अंगाने राखाडी दिसतो. काळा असतो तो त्याचा जबडा, तोही आतून. गबून व्हायपरचे विषदंत पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतात. पफ ॲडर हा आपल्या घोणशीचा भाऊबंद. तसाच जाडजूड, तसाच फुत्कारणारा. माणसाची चाहूल लागली तरी तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर पाय पडतो.

साप नेमका ओळखणे इथे जीवन-मरणाचा प्रश्न आहे. मांबाचे विष श्वास बंद पाडते, पफ ॲडरचे विष दंशाजागचे मांस सडवते. बूमस्लँगच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि त्यावर प्रतिविषही वेगळेच लागते. भारतात बनणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर उतारा आहे. आफ्रिकेतल्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

या ओळखीपायी जेम्स ॲश यांनी आयुष्य वेचले. किनाऱ्यावरचा तपकिरी, थोराड, विषाची पिचकारी मारणारा नाग हा काळ्या मानेच्या नागाचाच एक प्रकार, असे मानले जाई. तो निराळा आहे, हे ॲश यांनी हेरले होते. २००४ मध्ये बायो-केनमध्ये अशा एकाच नागाकडून एका वेळी ६.२ मिलिलिटर विष मिळाले. त्याच वर्षी ॲश वारले. २००७ मध्ये वूल्फगांग व्यूस्टर आणि डोनाल्ड ब्रॉडली यांनी ही स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध केले आणि तिला नाव दिले ‘नाजा ॲशेई’. पिचकारी मारणाऱ्या नागांमध्ये जगात सर्वांत मोठा तो हाच.

संस्थेचे काम कुंपणाबाहेरही चालते. परिसरात कोणाच्या घरात साप निघाला, तर तिची माणसे जाऊन तो मोफत पकडून आणतात. सर्पदंशावरच्या उपचारांची शिबिरे भरतात. ॲश यांच्या नावाचा न्यास गरीब रुग्णांना प्रतिविष मिळवून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ साली. वातामूत हे काम त्याआधीच कितीतरी वर्षे सुरू होते.

सर्पोद्यानाची थोरवी पिंजऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. त्याच्या ज्ञानाने किती माणसे वाचली आणि किती साप काठीखालून सुटले, यावर ठरते. आपल्या अंगणात साप निघाला तर त्याला मारू नका, सर्पमित्राला बोलवा. आणि दंश झालाच, तर मांत्रिकाच्या दारात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.