बुटका गुराखी आणि आपला राखणदार

कपाशीची वेचणी आटोपली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेताशेतांतून मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवतो. लेंडीखत आपोआप पसरतं आणि जमीन कसदार होते. त्या कळपाशेजारी कान टवकारून बसलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. तो काय करतो, सांगा बरं?

कळपाच्या कुत्र्यांची कामं दोन. एक हाकायचं, दुसरं राखायचं. इंग्लंडशेजारच्या वेल्समधला कॉर्गी हा हाकणारा कुत्रा. उंची फक्त २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढी! गाय रेंगाळली की तो तिच्या टाचेला हळूच चावा घेतो. गायीनं लाथ झाडली, तर ती त्याच्या डोक्यावरून जाते. बुटकेपणाचा असाही उपयोग! इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला १९४४ साली, अठराव्या वाढदिवशी, सुझन नावाची कॉर्गी मिळाली. पुढे राजवाड्यात तिच्या कितीतरी पिढ्या नांदल्या.

आपल्या धनगरदादांचा कुत्रा मात्र राखणदार. मेंढ्या हाकायचं काम दादा स्वतःच शीळ घालून, हाळी देऊन करतात. कुत्रा रात्री जागतो. लांडग्याची चाहूल लागली की भुंकून वाड्याला उठवतो.

कुत्रा हाकणारा असो की राखणारा, त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. कॉर्गी थंड मुलखातला, दाट केसांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे हालच होतात. पाय आखूड, पाठ लांब. त्यामुळे वजन वाढलं की पाठ दुखते. खरं तर ऊन सगळ्याच कुत्र्यांना बाधतं. आपल्यासारखा अंगभर घाम त्यांना येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत ते अंग थंड करतात. म्हणून सावली आणि पाण्याचं भांडं हवंच. डांबरी सडकेवर आपला हात टेकवून बघा. चटका बसला, तर कुत्र्याचे पायही पोळणारच. कांदा, द्राक्षं, चॉकलेट त्याला देऊ नका. गोचीड झाले तर औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेबीजची लस. ऑक्टोबर १८८५ मध्ये फ्रान्समधल्या एका मेंढपाळ पोरानं मोठं धाडस केलं. त्याचं नाव जाँ-बाप्तिस्त ज्युपिय, वय अवघं १५. पिसाळलेला कुत्रा लहान पोरांवर धावून आला, तेव्हा हा मध्ये पडला. पोरं वाचली, पण याला चावे बसले. लुई पाश्चर यांनी त्याला आपली नवी लस दिली आणि तो जगला. त्याच वर्षी ६ जुलैला ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती पहिल्यांदा टोचली गेली होती. ज्युपियचा पुतळा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आजही आहे.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर तो टळतो. म्हणून कुत्रा चावला किंवा नख लागलं, तर मार बसेल म्हणून लपवू नका. लगेच आई-बाबांना, गुरुजींना सांगा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काहीही भरू नका. अंगारे-धुपाऱ्यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं द्यायचा जमाना गेला बरं का! आता सुई दंडावर टोचतात.

पालकांनो, पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्या. पुढची डॉक्टर सांगतील त्या तारखेला. ती तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहायचं काम मुलांकडे सोपवा. रात्रभर आपल्यासाठी जागणाऱ्या राखणदाराची एवढी राखण तर आपण करूच शकतो, नाही का?