फोटो एडिटिंग शिकायचंय? आधी स्वतःचा एक फोटो निवडा

हिवाळा सरताना उजनी धरणाचं पाणी ओसरू लागतं. इंदापूर तालुक्यातल्या भिगवण-कुंभारगाव परिसरात चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तिथं रोहित पक्षी चरायला उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेही येतात. पहाटेच्या धुक्यात होडीतून काढलेला फोटो घरी संगणकावर उघडला, की नवशिक्याचा हिरमोड होतो. पाणी राखाडी, पक्षी फिकट. मग यूट्यूबवर शोधाशोध सुरू होते. पहिलाच व्हिडिओ सॅच्युरेशन वाढवायला सांगतो आणि क्षणात रोहित गुलाबी होतो. खरा मोठा रोहित मात्र अंगानं बराचसा पांढरट असतो. त्याचा गडद रंग दिसतो तो पंख उघडल्यावर. कोणता स्लायडर किती सरकवायचा हे व्हिडिओनं शिकवलं, पण कधी थांबायचं ते शिकवलं नाही.

शिकण्याचं साधन निवडताना हाच फरक सर्वांत आधी तपासावा. जो धडा कारण सांगतो, तो पुढच्या फोटोलाही उपयोगी पडतो. नुसते आकडे सांगणारा धडा त्या एका फोटोपुरताच असतो. तयार प्रीसेटचंही तसंच.

म्हणून सुरुवात स्वतःच्या फोटोपासून करावी. आषाढवारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण. ढगाळ आभाळ, वारकऱ्यांचे पांढरेशुभ्र सदरे आणि गडद रंगाची मेंढरं, सगळं एकाच चौकटीत! सदरा जपावा तर मेंढ्या काळ्याठिक्कर पडतात, मेंढ्या उजळाव्यात तर सदऱ्याच्या सुरकुत्या नाहीशा होतात. असा फोटो समोर असला की हिस्टोग्राम आणि कर्व्ह म्हणजे काय, हे शिकण्याची गरज आपोआप निर्माण होते. जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलमध्ये 16,384. सावलीतला तपशील रॉमधून वर काढता येतो आणि जेपीईजीत तो डागाळतो, त्याचं कारण हे आहे. एवढं समजावून सांगणारा शिक्षक किंवा धडा मिळाला तर तो सोडू नये.

मराठी माणसासाठी या बाबतीत एक चांगली सोय आहे, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरचे धडे आहेत, मराठी निवेदनासह आणि विनामूल्य. त्यातले बरेचसे धडे जर्मनीच्या रॉल्फ स्टाइनॉर्ट यांच्या ‘मीट द गिंप’ या चित्रफितींवर बेतलेले आहेत. प्रकल्पाची पद्धतही शिकण्यासारखी आहे: पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, एक पायरी पाहायची, थांबवायचं, तीच पायरी स्वतः करायची. आडवं पडून मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ सोबत हात चालत नसल्यामुळेच हाताला काही देत नाहीत.

एक अडचण आहे. हे धडे गिंपच्या बऱ्याच जुन्या आवृत्तीवर आहेत आणि गिंप 3.0 तर मार्च 2025 मध्ये आलं. मेनूंची जागा बदललेली दिसेल. लेअर, सिलेक्शन, कर्व्ह यांमागचा विचार मात्र तोच आहे. एखादा पर्याय सापडला नाही तर गिंपचं अधिकृत मॅन्युअल इंटरनेटवर मोफत आहे.

गिंप की फोटोशॉप, यावर नवशिक्यांनी फार वेळ घालवू नये. अडोबीनं 2013 पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे केवळ छंदासाठी शिकणाऱ्याला गिंप पुरेसं आहे. ज्याला बारामतीतल्या एखाद्या स्टुडिओत किंवा फ्लेक्सच्या दुकानात काम मिळवायचं आहे, त्यानं फोटोशॉपच शिकावं, कारण तिथं बराचसा व्यवहार फोटोशॉपच्या पीएसडी फाइलींचा असतो. लग्नाच्या अल्बमचं 12 बाय 36 इंचांचं पान 300 डीपीआयला 3,600 बाय 10,800 पिक्सेलचं होतं. असं तयार पान उघडून एकेक लेअर बंद-चालू करत पाहणं हासुद्धा उत्तम अभ्यास आहे.

परदेशी धड्यांमध्ये न सापडणारी गोष्ट म्हणजे मराठी अक्षरं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये भारतीय लिप्यांना चालणारं टेक्स्ट इंजिन निवडलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावच चुकीचं छापलं गेलं, तर बाकीची मेहनत कोण पाहणार? त्यामुळे इंग्रजी व्हिडिओ कितीही देखणा असला तरी या भागासाठी इथं रोज बॅनर करणाऱ्या माणसाशेजारी बसावं. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतो. सरावाला तो बरा.

खासगी क्लास लावायचा असेल तर फी भरण्याआधी स्वतःचा एक फसलेला फोटो पेनड्राइव्हवर न्यावा आणि शिक्षकाला तो समोर सुधारून दाखवायची विनंती करावी. मूळ फोटोला हात न लावता वेगळ्या लेअरवर काम करतात का, प्रत्येक बदलाचं कारण सांगतात का, विद्यार्थ्याच्या हाती माऊस देतात का, हे त्या पंधरा मिनिटांत दिसतं. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संगणक मिळतो का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.